दोन धुराड्यांची नेंबो

दिवाळी अंकासाठी लेख मागायला आलेल्या संपादकांना माझ्याकडून कालव्यांच्या आठवणी हव्या होत्या. त्यात त्यांची चूक नाही. कालव्यांचे नकाशे काढणाऱ्या एका सरकारी कचेरीत मी एकतीस वर्षं अनुरेखक म्हणून काढली. पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात चोख काम मी निवृत्त झाल्यावर केलं, आणि ते होतं इटलीच्या आरमारातल्या एका जुन्या विनाशिकेचं. हे वाक्य मी भंडाऱ्यात ज्यांना ज्यांना ऐकवलं, त्यांनी आधी मला बसायला खुर्ची दिली आणि मग तब्येत कशी आहे ते विचारलं.

म्हणून पहिल्यापासून सांगते.

अनुरेखक म्हणजे ट्रेसर. इंजिनिअर साहेब पेन्सिलीनं आराखडा काढतात, त्यावर आम्ही मेणकापडासारखं पारदर्शक कापड पसरतो आणि शाईनं तोच आराखडा पुन्हा काढतो. त्या कापडावरून अमोनियाच्या वाफेत छापील प्रती निघतात. रेघ चुकली तर ब्लेडनं हलकेच खरवडायची, नखानं घासून कापड गुळगुळीत करायचं आणि पुन्हा ओढायची. या कामात स्वतःचं डोकं चालवणं हा गुन्हा समजला जातो. समोर जे आहे ते जसंच्या तसं उतरवायचं. मी हे इतकं मन लावून केलं, की पुढे संगणक आले तेव्हा आमचा विभाग बंद करताना साहेबांनी भाषणात सांगितलं, निर्मलाबाईंची रेघ यंत्रासारखी आहे. ते ऐकून टाळ्या वाजल्या. यंत्र आलेलं होतंच, त्यामुळे मी घरी गेले.

घरी बसून वर्ष झालं असेल. एका दुपारी भाऊराव कासार दारात उभे राहिले. भंडाऱ्यात पितळेची भांडी घडवणाऱ्या जुन्या घरांपैकी त्यांचं एक घर. त्यांच्या वडिलांच्या हातचे पाण्याचे गुंड आणि घंगाळी अड्याळच्या बाजारातही विकली जायची. माझ्या माहेरीही त्यातलंच एक घंगाळ होतं. पुढे घरोघरी स्टील आलं, मग प्लास्टिक आलं, आणि भाऊरावांनी भांडी सोडून शोभेच्या वस्तू धरल्या. छोट्या तोफा, नांगर, होकायंत्राच्या डब्या, दुर्बिणी. मुंबईचे एक व्यापारी हा माल उचलायचे. भाऊरावांच्या हातात एक गुंडाळी होती आणि ती त्यांनी माझ्या ओट्यावर अशी सोडली, जशी कोणी अडलेल्या बाळंतिणीची केस मोठ्या दवाखान्यात आणून सोडावी.

"बाई, हे वाचून द्या. मले तर समजूनच नाही राहिलं," ते म्हणाले.

ते एका जहाजाचे आराखडे होते. फोटोकॉपीची फोटोकॉपी, कडा कापलेल्या, अक्षरं इटालियन. सोबत एका जहाजाचा धुरकट फोटो. व्यापाऱ्यांना या जहाजाची एक मीटर लांबीची प्रतिकृती हवी होती, पितळ आणि लाकूड वापरून, अगदी बारीकसारीक तपशिलासह. नाव होतं नेंबो. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला नेपल्सच्या गोदीत बांधलेल्या सहा विनाशिकांच्या वर्गातली ही पहिली, आणि तिच्याच नावानं तो वर्ग ओळखला जातो.

मी समुद्र एकदाच पाहिला आहे, सहलीला गेले होते तेव्हा, आणि तोही ओहोटीचा. पण आराखडा हा आराखडा असतो. कालव्याचा छेद ज्याला काढता येतो त्याला जहाजाचा छेदही वाचता येतो. फरक एवढाच, की कालव्यात पाणी आत असतं आणि काठ बाहेर, जहाजात उलटं. मी भाऊरावांना म्हटलं, ठेवून जा.

पुढचे चार महिने मी त्या सहा जहाजांसोबत राहिले. इटालियन मजकूर मी मोबाइलच्या भाषांतरावर वाचायचे, आणि तो मोबाइल स्वभावानं भोळा होता. त्या वर्गातल्या जहाजांना वाऱ्यावादळांची नावं होती. नेंबो म्हणजे वादळी काळा ढग. बाकीची उत्तरेचा वारा, पश्चिमेचा वारा अशी. पण आक्विलोने या नावाचा दुसरा अर्थ इटालियनमध्ये पतंग असा होतो, आणि माझा मोबाइल ठामपणे सांगायचा, की पतंगानं ताफ्याला संरक्षण दिलं, पतंग दुरुस्तीला गेला. आणखी एकीचं नाव तुर्बिने, म्हणजे वावटळ. मोबाइल म्हणे टर्बाइन. मी दोन दिवस त्या जहाजाच्या आराखड्यात टर्बाइन शोधत होते. टर्बाइन नव्हतंच. सहाही जहाजांना जुन्या पद्धतीची, दट्ट्यांची वाफेची इंजिनं होती. वावटळ नाव असलेल्या त्या जहाजात टर्बाइन होतं ते वावटळीत असतं तेवढंच.

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. आराखड्यात धुराडी दोन होती आणि फोटोत तीन.

मी आधी धरून चालले, की फोटो दुसऱ्याच जहाजाचा असेल. पण बाकी सगळं जुळत होतं. नाकाचा बाक, मागची कमान, बाजूचे कठडे. व्यापाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, फोटोप्रमाणे तीन करा, तीन धुराडी जास्त जोरदार दिसतात. एकतीस वर्षं मी साहेबांचं ऐकलं होतं. या वेळी मात्र ऐकलं नाही. शोधत बसले आणि शेवटी कारण सापडलं. ही जहाजं बांधली तेव्हा कोळशावर चालायची आणि त्यांना दोन धुराडी होती. काही वर्षांनी त्यांचे बॉयलर बदलून तेलावर चालणारे केले, तेव्हा दोन उंच धुराड्यांच्या जागी तीन आखूड धुराडी बसली. तोफाही बदलल्या. म्हणजे दोन्ही कागद खरे होते. प्रश्न एवढाच होता, की आपल्याला कोणत्या वयातलं जहाज घडवायचं आहे. मी तो व्यापाऱ्यांना विचारला. ते म्हणाले, गोदीतून निघालं तेव्हाचं. मग दोनच धुराडी, मी म्हणाले, आणि तोफा लहान. मग ते म्हणाले, बाई, तुम्ही म्हणाल तसं.

आयुष्यात प्रथमच मला कोणी असं म्हटलं होतं. मी त्या दिवशी भाऊरावांच्या भट्टीवर पेढे नेले.

जहाजाचं अंग भाऊरावांनी शिवणीच्या लाकडात कोरलं, आत पोकळ. वरचं सगळं पितळेचं. बारीक वस्तू ते आधी मेणात घडवायचे, मेणावर माती लिंपून साचा करायचे, मेण वितळवून काढायचे आणि त्या जागी पितळ ओतायचे. करंगळीच्या नखाएवढी तोफ अशी ओतायची आणि मग कानशीनं घासायची. मी भिंगातून आराखडा पाहून मापं सांगायची, ते मान हलवून म्हणायचे, एवढं बारीक कोण पाहते? आणि मग त्याहून बारीक करायचे.

आसगावकडचा मोतीराम ढीवर तेव्हा भाऊरावांकडे यायचा. नदीत आणि तलावात मासे धरणारा माणूस. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या तो भट्टीवर ओतून घ्यायचा. आमच्या जहाजाचं कोरलेलं अंग पाहून त्यानं ते हातात घेतलं, तळहातावर तोललं आणि सांगितलं, की हे पाण्यावर टिकणार नाही. लांबी एक मीटर आणि रुंदी जेमतेम नऊ सेंटिमीटर होती. मी त्याला समजावलं, खरं जहाज चौसष्ट मीटर लांब आणि सहा मीटरही रुंद नाही, हे इंग्रजांच्या नावाजलेल्या धाटणीवर बेतलेलं आहे, मोठमोठ्या जाणकारांनी काढलेलं आहे. मोतीरामनं मागच्या हौदात ते हळूच सोडलं. ते लगेच आडवं झालं आणि पोट वर करून स्थिर राहिलं.

"पोट नाही जी याले," तो म्हणाला. "आपला डोंगा कसा पाण्यावर पसरून बसते. हा तलवारीवानी उभा आहे. हालला का गेला."

भाऊरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, खऱ्या जहाजात इंजिनं, बॉयलर असं सगळं वजन तळाशी असतं, म्हणून ते उभं राहतं. मोतीरामनं आपल्या जाळ्याच्या गोळ्या एकेक करून आत तळाशी मांडल्या आणि जहाज सरळ झालं. तरी हौदात हात हलवला की ते इतकं डोलायचं, की काठ पाण्याला टेकायचा. नंतर मी वाचलं, की या धाटणीच्या जहाजांबद्दल खलाशांची तक्रार हीच होती. समुद्र जरा उसळला की आत उभं राहणं कठीण, आणि डेकवरून पाणी सारखं वाहायचं. मोतीरामला मी हे सांगितलं, तेव्हा त्यानं विचारलं, की मग एवढं चिपाड करून ठेवलं कायले? मी म्हटलं, वेगासाठी. तासाला तीस सागरी मैल. शत्रूच्या मोठ्या जहाजापर्यंत जायचं, टॉर्पेडो सोडायचा आणि पळायचं. तो विचार करून म्हणाला, पळता आलं पाहिजे हे बरोबर आहे.

प्रत्यक्षात त्यांना पळायला फारसं मिळालं नाही. ज्या वेगासाठी रुंदी सोडली, स्थैर्य सोडलं, खलाशांचं सुख सोडलं, तो वेग पहिल्या महायुद्धात कोपऱ्यात राहिला आणि त्यांच्या नशिबी आलं धिम्या मालबोटींच्या बाजूनं धिम्या चालीनं पहारा देत जाणं. तुर्बिने इटली युद्धात उतरली त्या पहिल्याच दिवशी शत्रूच्या तावडीत सापडून बुडाली. उत्तरेच्या वाऱ्याच्या नावाची बोरेआ एका ताफ्याची राखण करताना गेली. नेंबो सैनिक घेऊन जाणाऱ्या बोटीच्या सोबतीला असताना पाणबुडीच्या टॉर्पेडोनं फुटली. तिला बुडवणारी पाणबुडीही त्याच ठिकाणी संपली, पण कशी, याबद्दल मी वाचलेल्या दोन पुस्तकांत दोन गोष्टी होत्या. उरलेल्या तीन म्हाताऱ्या होऊन भंगारात गेल्या. पतंग त्या तिघींतला.

जहाज जवळपास पुरं झालं तेव्हा व्यापाऱ्यांचा निरोप आला, की गिऱ्हाइकाचा एक प्रश्न आहे, बाईंना विचारा. त्यांच्या ऑफिसातल्या कोणी तरी तो सगळा पत्रव्यवहार जसाच्या तसा मला पुढे पाठवून दिला. प्रश्न असा होता: भट्टीखान्यात, म्हणजे बॉयलरपाशी, काम करणाऱ्या खलाशांना वर यायची वाट कुठे होती?

इतका छान प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आराखड्यात भट्टीखान्यावरच्या डेकला छोटी गोल झाकणं दाखवलेली होती. मी त्यांचं वेगळं चित्र काढलं, आतली शिडी दाखवली, बाण दाखवला, आणि पाठवून दिलं. मग सावकाश बसून खालचा जुना पत्रव्यवहार वाचायला घेतला.

गिऱ्हाईक रेनातो नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते, नेपल्सजवळच्या एका गावातले. त्यांचे पणजोबा गोदीत रिव्हेट ठोकायचे. नेंबोच्या अंगावरही त्यांनी ठोकले होते. आजोबा त्याच नेंबोवर भट्टीवाले होते आणि तिच्याबरोबर बुडाले. रेनातोंना कित्येक वर्षांपासून या जहाजाची गोदीतली मूळ प्रतिकृती हवी होती, म्हणजे जहाज बांधताना गोदीतल्या कारागिरांनीच बनवलेली. आमच्या व्यापाऱ्यांनी त्यांना लिहिलं होतं, की अशी एक प्रतिकृती आपल्या हाती लागली आहे, एका जुन्या जहाजमालकाच्या घरातून.

त्याखाली रेनातोंचं उत्तर होतं. यापूर्वी दोघा जणांनी मला मूळ म्हणून प्रतिकृती दाखवल्या, पण त्यांना तीन धुराडी होती. गोदीत तीन धुराडी असणं शक्यच नाही. तुमची प्रतिकृती दोन धुराड्यांची आहे हे तुम्ही कळवलंत आणि माझा विश्वास बसला.

ते वाक्य मी मोबाइलवर तीनदा भाषांतर करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच आलं.

मी भाऊरावांकडे गेले, तर ते मिठाचं पाणी आणि अमोनिया घेऊन बसले होते. माल जुना करून द्यायचा निरोप त्यांना आधीच आला होता. पितळ कळकवायचं, लाकडाला चहाच्या पाण्याचे हात द्यायचे, वरून धूर द्यायचा, एखादा कठडा मुद्दाम वाकवायचा. भाऊराव या कामात तरबेज होते. आठवडाभरात ते शंभर वर्षं उलटवायचे. दुर्बिणींचं ते हेच करत, हे मला ठाऊक होतं. मी ते पाहून हसलेही होते.

मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, की आपण वस्तू बनवली, खोटं बोलणारा मुंबईत बसला आहे. मी म्हटलं, तो म्हातारा फसला तो मुंबईवाल्याच्या बोलण्यानं नाही, माझ्या दोन धुराड्यांनी फसला. मी जितकं खरं काढलं तितकं ते खोटं पक्कं झालं.

"दहा वरसं दुर्बिणी जुन्या करून राहिलो ना बाई," भाऊराव म्हणाले. "तवा काहून नाही बोलल्या तुम्ही?"

"दुर्बीण कोणाच्या आजोबाची नव्हती."

"असंन कोणाच्या तरी," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

मी मोबाइल पिशवीत टाकला आणि घरी आले.

कालव्यांबद्दल सांगण्यासारखं जे एक आहे, ते इथेच सांगावं लागेल. नोकरीच्या मधल्या काळात एका लहान कालव्याचा नकाशा माझ्या टेबलावर आला. कालवा एका गावाच्या अलीकडेच थांबला होता, पुढचं खोदकाम झालंच नव्हतं. अहवालात मात्र तो पुरा दाखवायचा होता. साहेब म्हणाले, बाई, रेघ तेवढी पुढे न्या. मी नेली. शेवटी पाण्याचा बाणही काढला, नेहमीसारखा, सुबक. वर्षभरानं त्या गावचा एक माणूस नकाशाची छापील प्रत घेऊन कचेरीत आला. तो कोणाशी भांडला नाही. माझ्या टेबलापाशी उभा राहून त्यानं त्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, की ही कुठं आहे ते जरा दाखवता का, आम्ही सगळ्यांनी मिळून शोधली. मी त्याला साहेबांच्या खोलीचा दरवाजा दाखवला. नकाशावर त्या गावाला अजूनही पाणी मिळतं.

तिसऱ्या दिवशी मी रेनातोंना थेट पत्र लिहायला बसले. पत्ता त्या पत्रव्यवहारात होताच. भाऊरावांना आधी सांगितलं, न सांगता करणं मला जमलं नसतं. ते एवढंच म्हणाले, की तुम्हाले पेन्शन आहे बाई, मले भट्टी आहे. आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. जहाज जुनं होऊन, खोक्यात बसून मुंबईला गेलं तेही मला मोतीरामकडून कळलं. रस्त्यात भाऊराव समोर आले तर दुकानाच्या पाटीकडे बघत निघून जायचे. त्यांचं बरोबरच होतं. एवढा मोठा व्यापारी तुटला असता तर त्या भट्टीवर पुन्हा तोफा आणि नांगर ओतायलाही कोणी सांगितलं नसतं. मी खरं बोलणार होते ते त्यांच्या जिवावर.

पत्र लिहायला मला आठ दिवस लागले. मराठीत लिहायचं, मोबाइलकडून इटालियन करून घ्यायचं, ते पुन्हा मराठीत आणून बघायचं. पहिल्या खेपेला माझं "ही प्रतिकृती आम्ही घडवली" परत आलं ते "आम्ही हा प्रसंग घडवला" असं. शेवटी लहान लहान वाक्यं केली. मी निर्मला. मी भंडारा नावाच्या गावात राहते. तुमचं जहाज जुनं नाही. लाकूड आणि पितळ भाऊरावांनी केलं. पाण्यावर मोतीरामनं उभं केलं. मापं मी काढली. मापं खरी आहेत.

इथे थांबायला हवं होतं. पण एकतीस वर्षांची खोड. कागदावर चूक दिसली की हात थांबत नाही. त्यांच्या पत्रात होतं, की आजोबा शेवटपर्यंत कोळशाचं फावडं मारत राहिले असतील. मी पुढे लिहिलं, की त्या वेळेपर्यंत नेंबो तेलावर चालू लागली होती, म्हणून आजोबांच्या हातात फावडं नसावं. पत्र गेलं. गेल्यावर मला कळलं, की एका म्हाताऱ्याचं मी जहाजही काढून घेतलं आणि आजोबाच्या हातातलं फावडंही.

दोन महिने काही आलं नाही. मी रोज वाट पाहायची आणि रोज भाऊरावांच्या दुकानाकडून जायची. भट्टी चालू असायची. मुंबईचा माल जात होता. म्हणजे व्यापाऱ्यांपर्यंत काही पोचलं नव्हतं, किंवा पोचून उपयोग झाला नव्हता.

मग उत्तर आलं. ते मी आधी एकटीनं वाचलं, आणि मग सरळ भट्टीवर गेले. भाऊरावांची नजर पाटी शोधू लागली, पण त्यांच्या दुकानात त्यांना बघायला पाटी नव्हती. योगायोगानं मोतीरामही गोळ्या ओतून घ्यायला आला होता. मी मोठ्यानं वाचलं.

रेनातोंनी लिहिलं होतं, की जहाज पोचलं, सुंदर आहे, आणि ते परत करणार नाहीत. व्यापाऱ्याला काही कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. घरात त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, की हे पणजोबांच्या गोदीतलं आहे, आणि मुलानं ते ऐकून आयुष्यात पहिल्यांदा पणजोबांचं नाव विचारलं. म्हणून तुम्हाला विनंती आहे, बाई, माझ्या मुलाला पत्र लिहू नका. तेलाबद्दल आभारी आहे. मला ते ठाऊक नव्हतं. पण आमच्या घरात आजोबांच्या हातात फावडं राहील.

भाऊराव ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण जिंकल्याची एक बारीकशी रेघ होती. ती त्यांना शोभत होती.

"म्हणजे सारं तसंच राहिलं," ते म्हणाले. दोन महिन्यांनी ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

मी म्हटलं, अजून आहे.

पुढे रेनातोंनी लिहिलं होतं, की नेंबो बुडाली त्या तारखेला त्यांच्या गावच्या चर्चमध्ये दर वर्षी बुडालेल्यांच्या नावानं प्रार्थना होते आणि नावांची यादी वाचतात. माणसांपाशी मी खोटं बोलेन, त्यांनी लिहिलं होतं, पण तिथे बोलता येत नाही. म्हणून या वर्षी मी त्या यादीत शेवटी तीन नावं लिहून दिली. ज्यांनी हे जहाज केलं त्यांची. पाद्री नवे आहेत, त्यांनी सगळी यादी एका दमात वाचली. आजोबांचं नाव, त्यांच्या सोबत्यांची नावं, आणि मग निरमाला, बाउराओ, मोतिरामो. सगळ्यांच्या आत्म्यांना शांती लाभो असं आम्ही सारे गुडघ्यांवर बसून म्हणालो. तुम्ही जिवंत आहात हे मला ठाऊक आहे. ते मी पाद्रींना सांगायला विसरलो.

मोतीरामनं मला नावं पुन्हा वाचायला लावली, आपलं नाव ऐकताना मान पुढे केली, आणि विचारलं, की मग आपण तिकडे मेलेलो आहोत का? मी म्हटलं, हो, त्या चर्चपुरते. समुद्रात बुडून. त्यानं जरा वेळ हिशेब लावल्यासारखं केलं. नदीत इतकी वर्षं काढली, तो म्हणाला, आणि बुडालो ते समुद्रात.

भाऊरावांनी चिमटा खाली ठेवला, हात पुसले आणि माझ्याकडून मोबाइल घेतला. त्यांना इटालियन येत नव्हतं, मराठी भाषांतरही चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. तरी ते त्या पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणी भांड्यावर आपलं नाव टाकलं नव्हतं. नाव टाकायचं ते घेणाऱ्याचं, लग्नात देणाऱ्याचं. घडवणाऱ्याचं कधी नाही.

"जितेपणी मेल्याची खबर आली का उमर वाढते म्हणतात," ते म्हणाले. "बसा बाई. चहा घ्या."

दुर्बिणी अजूनही त्या भट्टीवर आठवड्याभरात शंभर वर्षांच्या होतात. त्याबद्दल आमचं बोलणं होत नाही. मी त्यांची मापं काढून देते.